सिलिंडर हलका नव्हता

सीतारामराव सव्वीस वर्षं तंजावुरात गॅसचे सिलिंडर पोचवत होते. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्या, पश्चिमेकडची नवी वसाहत आणि मधला बाजार हा त्यांचा भाग. तीनचाकी सायकलवर सहा-सहा सिलिंडर उभे करायचे, दारापर्यंत ढकलत न्यायचे आणि पुढे खांद्यावर. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास भरतो. सीतारामरावांचं स्वतःचं वजन बासष्ट. वय चोपन्न.

माणूस तापट. दार उघडायला उशीर झाला तर ते तमिळमध्ये भांडत. घरातलं कुणी आपल्यातलं, म्हणजे मराठी निघालं, तर मराठीत भांडत आणि ते जास्त लागे. पण एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला ‘दमलों’ असं म्हटलेलं नव्हतं. तिसरा मजला चढून आल्यावर घरातली बाई पंख्याखाली बसा म्हणाली, की ते म्हणत, पंखा कशास, तीस किलो म्हणजे काय मोठं.

हा अभिमान काप्पीवर, म्हणजे कॉफीवर, उभा होता हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. सकाळी सहाला घरची एक टंबळर, म्हणजे पेलाभर. आठला एजन्सीत एक, तीनला आणखी एक. एजन्सीच्या मुदलाळींनी, म्हणजे मालकांनी, या दोन काप्प्या फुकट ठेवल्या होत्या आणि सगळ्या तंजावुरात असा मालक नाही असं सीतारामराव चारचौघांत सांगत. मधे गिऱ्हाइकांच्या घरी दोन-तीन होतच. त्यांची बायको भामा म्हणे की यांच्या अंगात रक्त कमी आणि काप्पीचं डिकॉक्शन जास्त.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मुदलाळींनी सगळ्या आठ माणसांना गोदामासमोर उभं केलं. दोन माणसं काम सोडून गेली होती, मागणी थोडी वाढली होती आणि नवं कुणी घ्यायचं नव्हतं. रोज बत्तीस सिलिंडर होते, ते बेचाळीस करायचे होते. मुदलाळी हुशार माणूस. त्यांनी सगळ्यांना विचारलं नाही. सर्वांत जुन्या माणसाकडे बघून विचारलं, “राव, तुम्ही सांगा. जड जाईल का?”

सीतारामराव म्हणाले, “काही जड नाही.”

बाकीच्या सात जणांत नामदेव होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, शांत, सीतारामरावांच्याच गल्लीतला. पंधरा वर्षांपूर्वी सीतारामरावांनीच त्याला या कामावर आणलं होतं. तो त्या वेळी काही बोलला नाही. दोन आठवड्यांनी, दुपारी सायकली धूत असताना, तो त्यांच्याजवळ येऊन म्हणाला की अण्णा, मला हे झेपत नाही. दहा सिलिंडर वाढले नाहीत, तीस वाढल्यासारखं वाटतं. पाय शिशाचे होतात. तुम्ही मुदलाळींना सांगा, तुमचं ते ऐकतील.

सीतारामराव त्याच्यावर भडकले. बाकीच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी त्याला विचारलं की तोच जिना, तेच तीस किलो, तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा मी चढतों, मग तुज काय झालं? जड सिलिंडर नाही, जड तुझं अंग झालंय. नामदेवानं मान खाली घातली आणि चाकावरचा चिखल काढत राहिला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही.

मे महिन्यात नव्या वसाहतीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, नामदेवाचा पाय वाकला. सिलिंडर खांद्यावरून सुटू नये म्हणून त्यानं अंग पिळलं. सिलिंडर वाचला, कमरेतली चकती सरकली. तो दिवसातला अडतिसावा सिलिंडर होता. दीड महिना तो पाठीवर पडून होता आणि उठला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. एजन्सीत मुदलाळी म्हणाले की पहिल्यापासूनच कमजोर होता. सीतारामरावांनी ते ऐकलं आणि त्यांना ते खरंच वाटलं. ही गोष्ट त्यांना पुढे सर्वांत जास्त जाळत राहिली.

विनुता त्याच गल्लीतल्या शाळामास्तरांची मुलगी. गावाबाहेरच्या एका कॉलेजात शरीरशास्त्रात पीएचडी करत होती. कॅफीन घेतल्यावर कष्टाचं काम कसं होतं आणि ते करणाऱ्याला किती कष्टाचं वाटतं, हा तिचा विषय. ऑगस्टमध्ये सीतारामराव तिच्या घरी सिलिंडर घेऊन गेले तेव्हा तिनं त्यांना थांबवलं. तिची तक्रार अशी होती की या विषयावरचा जो पेपर उघडावा त्यात विशीतली, पळणारी, सायकल चालवणारी मुलं. रोज ओझं वाहणारा माणूस कुणी तपासलेलाच नाही. मामा, तुम्ही येता का? चार रविवारी यायचं, एकेका आठवड्याच्या अंतरानं. आधी डॉक्टर तपासतील, मग पाठीवर वीस किलो घेऊन दहा मिनिटं एका ठोकळ्यावर चढ-उतार करायची.

सीतारामरावांना हसू आलं. वीस किलो. ते म्हणाले, येतों की.

अट ऐकल्यावर मात्र हसू गेलं. प्रत्येक खेपेच्या आधी पूर्ण एक दिवस काप्पी बंद. चहासुद्धा नाही.

तो पहिला शनिवार भामेच्या चांगला लक्षात आहे. सकाळी काही त्रास नव्हता. अकराच्या सुमारास त्यांचं डोकं ठणकू लागलं. दुपारी जेवायला आले ते कुलपाशी भांडत आले. सांबार आंबट, भात गार, पंखा आवाज करतो. भामेनं काप्पीचा डबा शेजारच्या घरी नेऊन ठेवला होता हे कळल्यावर त्यांनी काप्पीचा फिल्टर उचलून अंगणात टाकला. तिनं तो उचलून आणला, पोचा आलेला बघितला आणि म्हणाली, “सव्वीस वर्षं मी समजत होत्यें हा तुमचा स्वभाव आहे. एक दिवस काप्पी नाही तर हे असं. मग माणूस कोण आणि काप्पी कोण, ते एकदा ठरवा.”



रविवारी प्रयोगशाळेत विनुतानं त्यांना एक गोळी दिली. एखाद्या दिवशी गोळीत कॅफीन असेल, दोन टंबळर काप्पीत असतं साधारण तेवढं, आणि एखाद्या दिवशी नुसता स्टार्च. कधी कोणती ते तिलाही माहीत नव्हतं. यादी तिच्या सरांकडे बंद पाकिटात होती. तासभर बसवून ठेवल्यावर पाठीवर पिशवी बांधली, छातीला ठोके मोजणारा पट्टा लावला आणि पावलांना ताल देणारं, टिकटिक करणारं यंत्र सुरू केलं. भिंतीवर आकड्यांची एक लांब पट्टी लावली होती, सहापासून वीसपर्यंत. सहा म्हणजे नुसतं बसल्यासारखं. वीस म्हणजे यापुढे एक पाऊलही शक्य नाही. दर दोन मिनिटांनी विनुता विचारायची, मामा, किती?

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता. जड आहे का, असं विचारत. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, आणि पुरुषाला त्यातलं एकच देता येतं. किती, असं विचारलं की थांबून अंगात बघावं लागतं.

पहिल्या रविवारी दहाव्या मिनिटाला त्यांनी बारा सांगितलं. दुसऱ्या रविवारी, तोच ठोकळा, तीच पिशवी, आणि चौथ्याच मिनिटाला त्यांच्या तोंडून चौदा निघालं. दहाव्याला सोळा. पोटऱ्या भरून आल्या, श्वास आखूड झाला आणि कधी एकदा पिशवी उतरवतो असं झालं. उतरवल्या उतरवल्या ते विनुतावर ओरडले. पिशवीत जास्त वाळू भरलीस. ठोकळा उंच केलास. म्हाताऱ्या माणसाला फसवतेस. तिनं पिशवी काट्यावर ठेवली. वीस किलो. टेपनं ठोकळा मोजून दाखवला. तिसऱ्या रविवारी पंधरा आले. चौथ्या रविवारी पुन्हा बारा.

पाकीट उघडलं तेव्हा विनुताचे सरही होते. पहिला आणि चौथा दिवस कॅफीनचा. मधले दोन स्टार्चचे.

विनुतानं हृदयाच्या ठोक्यांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. चारही दिवसांचे आकडे जवळजवळ सारखे होते. तिनं समजावलं ते असं. आपण काम करतो तसा मेंदूत एक पदार्थ साचत जातो, ॲडिनोसिन नावाचा. तो आपल्या जागी जाऊन बसला की मेंदूला कळतं, माणूस दमतोय. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं. ओझं होतं तेवढंच असतं, स्नायू तेवढेच राबतात, पण दमल्याचा निरोप पूर्ण पोचत नाही. पळणाऱ्यांना याचा फायदा होतो, थोडं जास्त पळता येतं. बहुतेकांत फरक एखाद्या आकड्याचा असतो. तुमच्यात तीन-चारचा आला, कारण त्यात रोजची काप्पी अचानक बंद केल्याचा त्रासही मिसळला आहे. तो वेगळा काढून दाखवणं अवघड आहे, हेही तिनं सांगितलं.

 सीतारामरावांनी विचारलं की ज्या माणसानं काप्पी कायमची सोडली, त्याला तोच सिलिंडर कसा वाटेल?

विनुता म्हणाली की सोडल्याचा त्रास आठवड्याभरात जातो. पण त्यानंतरही, रोज पाच काप्प्या पिणाऱ्यापेक्षा त्याला तेच ओझं थोडं जास्त जड वाटू शकेल. किंवा असं म्हणा, जेवढं आहे तेवढं जड वाटेल.

नामदेवानं जानेवारीतच काप्पी सोडली होती. पित्तानं छाती जळायची म्हणून डॉक्टरांनी बंद केली होती. एजन्सीत आठला आणि तीनला सगळे टंबळर घेऊन उभे असत तेव्हा तो ताकाची बाटली घेऊन बाजूला बसे आणि सीतारामराव त्यावरून त्याची थट्टा करत.

“म्हणजे तो खरं सांगत होता,” सीतारामराव म्हणाले.

विनुता घाबरली. ती घाईघाईनं म्हणाली की मामा, त्यांची कंबर यामुळेच गेली असं मी म्हणू शकत नाही, कुणीच म्हणू शकत नाही. ते म्हणाले, मी तुज तसं विचारलोंच नाही. आकडा माझा होता आणि मी तो आठ जणांच्या वतीनं सांगितलों.

ते तिथून उठले ते तडक नामदेवाच्या घरी गेले. नामदेव खाटेवर कुशीवर पडला होता. त्याची बायको नागलक्ष्मी पाणी देऊन आत गेली. सीतारामरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, गोळ्या, ठोकळा, बारा आणि सोळा. नामदेवानं ते ऐकून घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. इतक्या वर्षांत सीतारामरावांनी त्याला रागावलेला पाहिला नव्हता.

“मी तुम्हांस सांगितलों होतों, अण्णा,” तो म्हणाला. “माझ्या तोंडून ऐकलांत तेव्हा मी आळशी. आता गोळी खाऊन कळलं. मी सांगितलों त्याला काही किंमत नव्हती का?”

 नागलक्ष्मी दारात येऊन उभी राहिली आणि सीतारामराव निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काप्पी आली तेव्हा त्यांनी टंबळर हातात न घेता मुदलाळींच्या खोलीत जाऊन कागद टेबलावर ठेवला. मार्चमध्ये मी जड नाही म्हणालो ते चुकीचं होतं, ते मागे घेतो, बत्तीस करा, असं त्यांनी सांगितलं. मुदलाळींनी चष्मा लावून कागद वाचला. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरोखरच आनंद झाला. ते म्हणाले, राव, मग हे तर चांगलंच आहे. दोनाऐवजी तीन वेळा काप्पी ठेवू. अकराला आणखी एक देऊ. ज्यांना काप्पी चालत नाही त्यांना गोळ्या मिळत असतील तर त्याही बघू.

सीतारामरावांचा हात टेबलावर आपटला. पेनस्टँड खाली पडला. बाहेरची माणसं दारात जमली.

“तुम्ही ओझं कमी करत नाही,” ते म्हणाले, “तुम्ही आमची कळ कमी करता. कळ होती म्हणून नामदेव बोलला. मज कळत नव्हतं म्हणून मी त्यास गप्प केलों. अवघ्यांस काप्पी पाजा, मग बोलणारा कुणीच उरणार नाही. जिन्यावर पडला की मग कळेल.”

मुदलाळी शांतपणे म्हणाले की बेचाळीसच राहतील, ज्याला नको त्यानं जावं.

सीतारामराव गेले नाहीत. ते कामावर आले आणि बत्तीस सिलिंडर पोचवून थांबले. उरलेले दहा गोदामाच्या दारात उभे ठेवले आणि त्यांच्याशेजारी सायकल लावून घरी गेले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी तेच केलं. एकानं त्यांना शिव्या दिल्या, कारण थांबलेल्या सिलिंडरचे फोन त्याला घ्यावे लागत होते. बाकीचे आणखी कुणी पुढे होतंय का याची वाट बघत राहिले. सीतारामरावांनी त्यांना पाठीमागे या असं म्हटलं नाही. दुपारी तीनला एजन्सीत सगळे जमले की ते एकेकाला फक्त विचारत, सहा ते वीसमध्ये आत्ता किती? आधी लोक हसले. मग कार्तिकेय नावाचा सत्तावीस वर्षांचा गडी, गटातला सर्वांत दणकट, घाम पुसत म्हणाला, अठरा. तो म्हणाला, आणि इतरांनी त्याच्याकडे वळून पाहिलं. त्या दिवसापासून तोही बत्तीसवर थांबू लागला.

नवव्या दिवशी गोदामाच्या दारात दोनशेच्या वर सिलिंडर उभे होते आणि गिऱ्हाइकं स्कूटरवर रिकामे सिलिंडर बांधून भांडायला येत होती. मुदलाळींनी तीन नवी माणसं घेतली. रोजचे चौतीस ठरले, बत्तीस नाहीत. दुसऱ्या मजल्याच्या वर दोघांनी मिळून न्यायचा. नामदेवाला बुकिंगच्या खिडकीत बसवावं, असं सीतारामराव हट्टानं म्हणत राहिले. मुदलाळी त्याला तयार झाले, पण नामदेवच झाला नाही. त्या आवारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही, असा निरोप त्यानं पाठवला. ओरत्तनाडूला त्याच्या मेव्हण्याचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे, तिथे तो हिशेब बघायला बसू लागला.

सीतारामराव काप्पी पितात. सोडून बघितली, जमली नाही, आणि विनुतानंही सोडायची गरज नाही असंच सांगितलं. दिवसाला दोन घेतात, पहिली चारला, दिवसाचं ओझं उतरवून झाल्यावर, आणि दुसरी संध्याकाळी घरी. कामाच्या आधी घेत नाहीत. त्यामुळे त्यांना आता तिसऱ्या मजल्यावर बसावं लागतं आणि ते लोकांच्या पंख्याखाली बसतात. तापटपणा तसाच आहे, उलट वाढलाय असं भामा म्हणते, पण आता तो दार उशिरा उघडणाऱ्या बायकांवर निघत नाही. कुठल्या दुकानात, कुठल्या गोदामात कुणी हमालाला ‘एक काप्पी मार आणि उचल’ म्हणालं, की ते तिथेच उभे राहून भांडतात. बाजारात लोक त्यांना टाळू लागलेत.

गेल्या पोंगलच्या आधी ते बसनं ओरत्तनाडूला गेले. दुकानात गर्दी होती. नामदेव उंच स्टुलावर कमरेला पट्टा बांधून बसला होता. त्यानं त्यांना पाहिलं, हातातलं गिऱ्हाईक संपवलं, मग बसा म्हणाला. सीतारामराव बसले नाहीत. दीड वर्ष मनात घोळवलेलं ते बोलू लागले, की नामदेवा, मज माफ कर.

नामदेवानं हात वर करून त्यांना थांबवलं.

“माफ करायला मज अजून वेळ लागेल,” तो म्हणाला. “नाही जमलं तर नाही. पण तुम्ही ते मागायला येऊं नका. माफी मिळाली की तुम्ही निवळाल. तुम्ही निवळलांत की ते पुन्हा बेचाळीस करतील. कार्तिकेयाच्या पाठीवर.”

 दोन बायका इडलीचं पात्र विचारत आत आल्या आणि नामदेव त्यांच्याकडे वळला. वरच्या फळीवरून पात्र काढायला त्यानं दुकानातल्या माणसाला हाक मारली, पण तो मागे गोदामात होता. सीतारामरावांनी हात वर करून ते काढलं, काउंटरवर ठेवलं आणि बस पकडायला निघाले.